छर्ऱ्यांची काडतुसे घरी भरणे परवडते का?

अमेरिकेत ट्रॅप किंवा स्कीट हे तबकडी नेमबाजीचे प्रकार नियमाने खेळणाऱ्याच्या मनात कधी ना कधी हा प्रश्न येतोच: एका फेरीला पंचवीस काडतुसे उडतात, पुंगळ्या मात्र धडधाकट राहतात, मग त्याच पुन्हा भरल्या तर पैसे वाचणार नाहीत का? याचे उत्तर बोअरवर, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या मापावर ठरते; यात आकडा मोठा तितकी नळी बारीक, आणि .४१० (हे माप इंचात) सर्वांत बारीक. जो फक्त बारा बोअर वापरतो, त्याने निव्वळ बचतीसाठी या कामाला हात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जो २८ किंवा .४१० बोअर नेमाने वापरतो, त्याने मात्र यंत्र घेण्याचा गंभीरपणे विचार करावा. अमेरिकन स्कीटमध्ये १२, २०, २८ आणि .४१० अशा चारही बोअरच्या स्पर्धा होतात, त्यामुळे हा खेळ मनावर घेतलेल्या माणसाची लहान बोअरशी गाठ पडणारच.

हिशेबाआधी कायदा. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची असल्यास लागतो. मात्र एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्यांना बंदूक आणि दारूगोळा बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. दारूगोळ्याच्या व्याख्येत तयार काडतुसांबरोबर पुंगळ्या, प्राइमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) आणि बंदुकीची दारूही येते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात येत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही. तरीही ज्याला आपल्या स्थितीबद्दल किंचितही शंका आहे, त्याने सुटे सामान घेण्याआधी वकिलाला विचारावे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे भरण्याची परवानगी नव्हे. म्हणून पुढचे सर्व विवेचन अमेरिकेपुरतेच समजावे.

आता हिशेब. काडतुसात पुंगळी, प्राइमर, दारू, प्लॅस्टिकचा वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बुचासारखा तुकडा) आणि छर्रे अशा पाच वस्तू असतात. छर्ऱ्यांची पिशवी २५ पौंडांची, म्हणजे ४०० औंसांची येते. बारा बोअरमध्ये एक औंस छर्रे भरले तर तिच्यात ४०० काडतुसे होतात; .४१० मध्ये अर्धाच औंस लागतो, म्हणून तीच पिशवी ८०० काडतुसांना पुरते. दारूच्या एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. समजा, पिशवी ५५ डॉलरला, हजार प्राइमर ८० डॉलरला, पौंडभर दारू ३५ डॉलरला आणि ५०० वॅड १४ डॉलरला मिळाले. हे भाव केवळ गणितासाठी धरले आहेत. आपल्या दुकानातले भाव घालून हिशेब पुन्हा करावा. या भावांनी बारा बोअरच्या एका काडतुसाला छर्ऱ्यांचे सुमारे १४ सेंट, प्राइमरचे ८, दारूचे ९ आणि वॅडचे ३ असे ३४ सेंट पडतात, म्हणजे पंचवीसचा डबा साडेआठ डॉलरला. कारखान्याचा डबा साडेनऊला मिळत असेल तर बचत जेमतेम एक डॉलर. यंत्र, तराजू आणि किरकोळ साहित्य मिळून ३०० डॉलर गुंतवले असतील तर ते वसूल व्हायला ३०० डबे, म्हणजे साडेसात हजार काडतुसे भरावी लागतील.

हेच गणित .४१० ला लावले की चित्र पालटते. छर्ऱ्यांचे ७, प्राइमरचे ८, दारूचे ७ आणि वॅडचे ३ मिळून २५ सेंट, म्हणजे डबा सव्वासहा डॉलरला पडतो. तयार डबा १७ डॉलरला असेल तर तीसच्या आत डब्यांत यंत्र फिटते. शिशाचे छर्रे निम्मे असूनही तयार डबा महाग असतो, कारण या बोअरचा खप कमी असल्याने ही काडतुसे मोठ्या प्रमाणावर बनत नाहीत. घरी भरणाऱ्याला हा कमी खपाचा भुर्दंड बसत नाही. २८ बोअरचा हिशेबही याच अंगाने जातो. दारू आणि प्राइमर घरपोच मागवले तर धोकादायक मालाच्या वाहतुकीचे वेगळे शुल्क पडते, म्हणून एकतर स्थानिक दुकानातून घ्यावे किंवा दोघातिघांनी मिळून एकत्र मागवावे.

बारा बोअरवाल्यालाही एक कारण उरते, पण ते पैशाचे नाही. सात अष्टमांश औंसाचे हलके काडतूस भरले की धक्का जाणवण्याइतका कमी होतो आणि खांदा दुखणाऱ्याला किंवा नवशिक्याला त्याचा खरा उपयोग होतो. ऑलिंपिक प्रकारांत २४ ग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे जवळजवळ एवढ्याच छर्ऱ्यांत तिथे तबकड्या फुटतात.

सुरुवात यंत्रापासून नव्हे, पुंगळ्यांपासून करावी. आजपासूनच आपल्या पुंगळ्या जपून ठेवाव्यात आणि एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या वेगळ्या काढाव्यात. दिसायला सारख्या पुंगळ्यांची आतली जागा वेगळी असू शकते. प्रत्येक पुंगळीचे तोंड उजेडाकडे धरून पाहावे. तोंड बंद करणाऱ्या घडीच्या रेषेवर चीर दिसली, कड झिजून पातळ झाली असेल किंवा नवा प्राइमर अंगठ्याच्या दाबानेच आत जात असेल, तर ती पुंगळी टाकून द्यावी.

पहिले यंत्र एकेरी टप्प्याचेच घ्यावे. मेक कंपनीचे ६०० ज्युनिअर यासाठी चांगले आहे. जुना प्राइमर काढणे, नवा बसवणे, दारू, वॅड, छर्रे आणि शेवटी तोंडाची घडी घालणे ही कामे त्यात एकेका काडतुसावर क्रमाने होतात, त्यामुळे चूक लगेच दिसते. भरणीचे प्रमाण दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू पुस्तिकेतूनच घ्यावे आणि त्यातली पुंगळी, प्राइमर, वॅड, दारू व छर्ऱ्यांचे वजन यांपैकी काहीही बदलू नये. बारा बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसाची दाबमर्यादा चौरस इंचाला ११,५०० पौंड आहे आणि नुसता प्राइमर बदलला तरी दाब बराच वाढू शकतो. दारू मोजणाऱ्या बुशिंगच्या (यंत्रात बसणाऱ्या ठरावीक मापाच्या नळकांड्याच्या) तक्त्यावरही विसंबू नये. प्रत्यक्ष पडणारी दारू तराजूवर घ्यावी, दहा वेळा घ्यावी आणि तीही यंत्र नेहमीसारखे चालवत असताना घ्यावी, कारण हादऱ्याने दारू दबून जास्त पडते.

घडी खोल बसली किंवा फुगून वर आली, तर आतल्या थराची उंची जुळलेली नाही असे समजावे आणि पुस्तिकेतले साहित्य पुन्हा तपासावे. मैदानावर एखादा बार नेहमीपेक्षा दबका वाजला तर तिथेच थांबावे, बंदूक रिकामी करावी आणि नळीतून आरपार पाहावे. वॅड आत अडकला असताना पुढचा बार काढल्यास नळी फाटते.

कामाच्या टेबलावर एका वेळी एकच दारू असावी, प्राइमर मूळ खोक्यातच राहावेत आणि दूरदर्शन किंवा गप्पा चालू असताना यंत्राला हात लावू नये. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये, आणि हे टेबल स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या वावरात मांडू नये. भरलेल्या प्रत्येक डब्यावर तारीख, बोअर, दारू आणि तिचे वजन लिहावे. वीस बोअरची काडतुसे मात्र वेगळ्याच खणात ठेवावीत, कारण ते काडतूस बारा बोअरच्या नळीत सरकून पुढे अडकते आणि त्याच्यामागे बारा बोअरचे काडतूस बसते; अशा अडलेल्या नळीतून बार काढल्यास ती फाटते.