लंडनला आई-बाबा येतायत? मग या चुका टाळा

एप्रिल-मे जवळ आला की ओळखीतल्या नवीन जोडप्यांचे मेसेज सुरू होतात. व्हिसा आला, तिकिटं झाली, आई-बाबा येतायत, तुम्ही जरा प्लॅन बघून सांगाल का. आणि सोबत एक एक्सेल. पहिल्याच दिवशी टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज, बिग बेन, लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस आणि संध्याकाळी म्युझिकल. मी एवढंच विचारते की यातलं तुम्ही दोघांनी काय काय बघितलंय. उत्तर ठरलेलं असतं, अहो आम्हीच आत्ता कुठे आलोय, ऑफिस, घर शोधणं यातच वेळ गेला, म्हटलं आई-बाबा आले की सगळेच एकदम बघू.

सगळ्यात मोठी चूक हीच. बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून येतात. तुम्हालाच जे शहर माहीत नाही ते गुडघे दुखणाऱ्या, बीपीची गोळी चालू असलेल्या, दर दोन तासांनी बाथरूम लागणाऱ्या माणसांना फोनमध्ये डोकं घालून दाखवायला निघू नका. ते आले की ते तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतात, शहराकडे नाही. तुम्ही गोंधळलात की आई लगेच म्हणणार, जाऊ दे रे, घरीच बसू.

त्यामुळे ते यायच्या आधीचे शनिवार दोघांनी फिरण्यात घालवा. इन्स्टावर बघून जायचं तसं नाही, आईच्या चपला घालून फिरा. म्हणजे बसायला कुठे मिळतं, बाथरूम कुठे आहे, लिफ्ट आहे का, ती चालू आहे का, डबा कुठे उघडता येईल, हे बघत जा आणि नोट करून ठेवा. मध्य लंडनमधल्या बऱ्याच ट्यूब (म्हणजे इथली मेट्रो) स्टेशनांवर बाथरूम नाहीत, पण ट्रफाल्गर स्क्वेअरला समोरच नॅशनल गॅलरी आहे, तिथे प्रवेश फुकट आणि बाथरूम स्वच्छ. ब्रिटिश म्युझियमचंही तसंच. असली माहिती कुठल्याच टॉप टेन लिस्टमध्ये येत नाही आणि आई-बाबांना शेवटी त्याचीच जास्त गरज पडते. शिवाय दोघांचं फिरणं होतं हा बोनस, कारण एकदा मंडळी आली की तुम्हाला दोघांना एकटं बोलायला फक्त किचनमध्ये भांडी घासतानाच वेळ मिळणार आहे.

आता माझा सगळ्यात आवडता राग. ट्यूबचा मॅप.

हा मॅप दिसतो सुंदर, पण तो अंतर दाखवत नाही. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने बनवलेलं हे डिझाइन १९३३ साली लोकांच्या हातात आलं, त्याने मुद्दामच खरी अंतरं बाजूला ठेवली आणि सगळ्या लाइनी सरळ-तिरप्या केल्या, कारण जमिनीखालच्या माणसाला फक्त कुठे बदलायचं एवढंच कळायला हवं असतं. नवीन लोक मात्र तो गूगल मॅपसारखा वाचतात. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे दोन स्टेशनांमधलं अंतर साधारण २६० मीटर आहे. अडीचशे मीटर! तेवढ्यासाठी लोक आई-बाबांना घेऊन खाली उतरतात, तिकिटाचे पैसे घालवतात, गर्दीत उभे राहतात, एका मिनिटात उतरतात आणि मग कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून कोणीतरी उत्साही म्हणतं, चला जिन्याने जाऊ, किती असतील पायऱ्या.

१९३ आहेत. गोल जिना, मध्ये नीट थांबायलाही जागा नाही, आणि मागून येणारे लोक सुस्कारे टाकत असतात. तिथे बोर्ड लावलाय की हा जिना पंधरा मजल्यांएवढा आहे, पण बोर्ड वाचायला वेळ कोणाला. आमच्या ओळखीतल्या एकीच्या सासूबाई त्या जिन्यात मध्येच बसल्या होत्या. पुढे जाता येईना, मागे जाता येईना, सुनेला वाटतंय नवऱ्याने सांगितलं म्हणून आलो, नवऱ्याला वाटतंय हिने घाई केली, आणि सासूबाई बिचाऱ्या दोघांनाही सांगतायत की मला काही झालेलं नाही. वर पोचल्यावर पूर्ण दिवस रद्द. लिफ्टला थांबले असते तर पाचेक मिनिटं गेली असती. घाई करणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही, शॉर्टकट शोधायचा तर स्वतःच्या पायांवर शोधा.

माझी सवय अशी की कुठेही निघायच्या आधी गूगलवर चालत किती ते बघायचं, आणि टीएफएलच्या (लंडनची बस-ट्यूब चालवणारी संस्था) ॲपमध्ये स्टेप-फ्री, म्हणजे जिने न लागणारा, पर्याय लावून रस्ता बघायचा. एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्टची सोय आहे, त्यामुळे हीथ्रोहून बॅगा घेऊन येताना पिकॅडिली लाइनने चार पैसे वाचवायच्या नादाला लागू नका. पिकॅडिलीवर तुमचं उतरायचं स्टेशन जिन्यांचं निघालं तर त्या बॅगा कोण उचलणार आहे? बाबाच उचलायला जाणार, आणि मग कंबर धरून बसणार.

आणि बस घ्या हो. बस हळू जाते म्हणून तरुण मंडळी नाकं मुरडतात, पण आई-बाबांना शहर दिसतं ते बसमधूनच, ट्यूबमध्ये काळी भिंत दिसते. कॅश चालत नाही, २०१४ पासूनच बंद आहे. वरच्या मजल्यावरची पुढची सीट सगळ्यांना हवी असते, मलाही हवी असते, पण बस चालू असताना जिना चढायचा-उतरायचा नाही हे आधीच बजावून ठेवा. गुडघे दुखत असतील तर खालीच बसवा.

तिकिटासाठी टॅप करायच्या कार्डाचं थोडक्यात सांगते. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, ट्यूबला एका कार्डावर दोघं जाता येत नाही. आत जाताना जे कार्ड टॅप केलं तेच बाहेर पडताना टॅप करायचं. जाताना कार्ड आणि येताना फोन असं केलंत तर कार्ड तेच असलं तरी सिस्टिमला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात, आणि दोन्हीकडे जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. आई-बाबा भारतातलं कार्ड वापरणार असतील तर इंटरनॅशनल आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही बँकेच्या ॲपमधून तिथूनच चालू करून यायला सांगा. नाहीतर सरळ ऑयस्टर (इथलं प्रवासाचं, आधी पैसे भरायचं कार्ड) घ्या. त्या कार्डाचे पैसे परत मिळत नाहीत, पण पुढच्या पाहुण्यांना तेच देता येतं.

आता चुकामुकीचं. हे नीट वाचा, कारण हे होतंच.

एक जोडपं आई-बाबांना घेऊन आंबेडकर हाऊस बघायला निघालं होतं. किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब शिकायला असताना तिथे राहिले होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. लंडनला आलेल्या प्रत्येक मराठी घराने जावं असं माझं मत आहे (जायच्या आधी वेळा तपासा). स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइन. मंडळी टॉटनम कोर्ट रोडच्या प्लॅटफॉर्मवर उभी. गाडी आली, काका आयुष्यभर मुंबई लोकलने गेलेले, दार उघडल्याबरोबर आत. बाकीचे तिघं अजून बोर्ड वाचतायत तोवर दार बंद.

आता नॉर्दर्न लाइनची गंमत अशी की कॅमडेन टाऊननंतर तिला दोन फाटे फुटतात. एजवेअरची गाडी चॉक फार्मला जाते आणि हाय बार्नेटची केंटिश टाऊनकडे. काका बसले ती हाय बार्नेटची. मागच्या तिघांनी पुढची एजवेअर पकडली आणि चॉक फार्मला जाऊन वाट बघत बसले, कारण काकांना उतरायचं स्टेशन माहीत होतं. काकाही शहाण्यासारखे चॉक फार्मची वाट बघत बसले, ते काही आलंच नाही. फोनमध्ये भारतातलं सिम, रोमिंग नाही. गाडी ईस्ट फिंचलीला जमिनीवर आली, उजेड दिसला तेव्हा ते उतरले आणि स्टेशनवरच्या माणसाला खिशातली चिठ्ठी दाखवली. मुलाचा नंबर त्या चिठ्ठीवर होता म्हणून निभावलं. ती चिठ्ठी मुलाने नाही दिलेली, काकूंनी घरून निघतानाच लिहून खिशात घातली होती.

यावर उपाय अगदी साधा आहे, तो पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून पाठ करून घ्या. जो गाडीत गेला त्याने पुढच्याच स्टेशनवर उतरायचं आणि प्लॅटफॉर्मवरच थांबायचं, हलायचं नाही. बाकीच्यांनी त्याच प्लॅटफॉर्मवरून पुढची गाडी घेऊन तिथे उतरायचं. टॉटनम कोर्ट रोडनंतर गूज स्ट्रीट येतं, तिथे दोन्हीकडच्या गाड्या थांबतात, म्हणजे काकांना पहिल्याच स्टेशनवर गाठता आलं असतं. मागे राहिला तो एकटा असेल तर त्याने जागेवरच थांबायचं, घ्यायला दुसऱ्याने परत यायचं. आणि इथलं सिम पहिल्याच दिवशी घालून द्या, वायफाय आहे ना घरी, हे कारण मला सांगू नका.

बाकीच्या चुका भराभर.

दुसऱ्या संध्याकाळचं नाटकाचं तिकीट काढू नका. भारत उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच. इथे संध्याकाळचे आठ वाजले की त्यांच्या अंगात मध्यरात्र उलटून गेलेली असते. महागड्या सीटवर घोरतील. उलट पहाटे चारला दोघं उठून चहा शोधत असतात, त्याचा फायदा घ्या, सकाळी लवकर निघा, दुपारी घरी आणा.

कोहिनूर बघायचाच असतो, नाही म्हणू नका. टॉवर ऑफ लंडन उघडल्याबरोबर आधी मुकुट ठेवलेल्या ज्वेल हाऊसला जा, बाकी किल्ला नंतर. कोहिनूर क्वीन मदरच्या मुकुटात आहे हे आधी सांगून ठेवा, नाहीतर बघणाऱ्यांना नेणारा सरकता पट्टा पुढे जातो आणि बाबा विचारतात, कुठला होता?

वाघनखं बघायला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला नेणारे अजून भेटतात. ती २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात गेली, आधी साताऱ्याला. बाबांनाच ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

बकिंगहॅमला गार्ड बदलताना बघायचं म्हणून तासन्‌तास उभं राहून लोकांची डोकी बघण्यापेक्षा घोडेस्वार गार्ड बदलतात त्या हॉर्स गार्ड्सला जा, सकाळी अकराला, रविवारी दहाला. घोडे जवळून दिसतात.

नवीन बूट विमानात घालून यायचे नाहीत. आधी महिनाभर घालून चालायचं.

इन्शुरन्स काढताना डायबेटिस, बीपी, जुनी ॲन्जिओप्लास्टी, सगळं लिहा. प्रीमियम वाढतो म्हणून लपवणारे लोक मी बघितलेत. इथे इमर्जन्सीत तपासणी होते, पण ॲडमिट झालात तर परदेशी पाहुण्यांना दीडपट दराने बिल येतं, आणि लपवलेल्या आजाराचा क्लेम मिळणार नाही. तातडीचं नसेल तर १११, तातडीचं असेल तर ९९९, हे फोन नंबर फ्रिजवर लावा.

नाताळात येणार असतील तर २५ डिसेंबरला ट्यूब आणि बस दोन्ही बंद असतात. त्या दिवसात चारच्या आत सूर्य मावळतो हेही धरून चाला.

आणि तुम्हा दोघांचं. आई-बाबांना नाही म्हणायचं काम ज्याचे त्याने करायचं. आज थंडी आहे, थांबू या, हे सुनेने सासूला सांगितलं की त्याचा अर्थ वेगळा होतो, मुलाने सांगितलं की काही होत नाही. तसंच जावयाचं. एकाने फक्त फिरवायचं आणि दुसऱ्याने घरी स्वयंपाक करायचा अशी वाटणी करू नका, आठव्या-दहाव्या दिवशी भांडण होतं आणि ते हळू आवाजात करावं लागतं, ते जास्त त्रासाचं. मध्ये एक दिवस आई-बाबांना जवळच्या पार्कात, लायब्ररीत त्यांचं त्यांना सोडा आणि तुम्ही दोघं बाहेर जा. त्यांनाही तुमच्यापासून थोडी सुट्टी हवी असते, फक्त ते बोलत नाहीत.

परत जायच्या आदल्या दिवशी काहीही ठेवू नका. त्या दिवशी कोणालातरी चॉकलेटं कमी पडल्याचं आठवतं. वजनकाटा आधीच मागवून ठेवा आणि बॅगा रात्रीच मोजा, विमानतळावर काउंटरसमोर बॅग उघडून स्वेटर अंगावर चढवणारी कुटुंबं दर वेळी दिसतात.