कडेचा मजकूर कुठे जातो? घरगुती व्हिडिओ एडिट करायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

पुण्यात लग्नामुंजीच्या जुन्या कॅसेट डिजिटल करून देणं आणि घरगुती समारंभांचं एडिटिंग, हे माझं काम. हाताखाली शिकायला येणारी मुलं कलरबद्दल विचारतात, ट्रान्झिशनबद्दल विचारतात, ड्रोनचा शॉट कुठे टाकू म्हणतात. कडांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. गिऱ्हाइकाच्या तक्रारी मात्र बऱ्याचदा कडांवरूनच येतात.

सहकारनगरातल्या एका काकांनी कुणाकडून तरी आधी करून घेतलेली डीव्हीडी मला दाखवली होती. टीव्हीवर सुरुवातीलाच झोकदार अक्षरं आली: ‘भविवाह सोहळा’. ‘शु’ डावीकडे पडद्याबाहेर. तीच डीव्हीडी माझ्या लॅपटॉपवर लावली, तर ‘शुभविवाह’ व्यवस्थित. फाइलमध्ये काहीच गेलेलं नव्हतं, टीव्हीनं कडा खाल्ली होती.

याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पिक्चर ट्यूबच्या जमान्यात व्होल्टेज पडलं की चित्र आक्रसायचं, सेट जुना झाला की सरकायचं. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून कंपन्या चित्र काचेपेक्षा थोडं मोठंच पाडायच्या. आजच्या सपाट टीव्हीला याची काही गरज नाही, पण बऱ्याच सेटांत ती सवय सेटिंगमध्ये राहून गेली आहे. एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’ अशा नावांनी ती बंद करता येते. बहुतेक सेटांत हे सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळं असतं, म्हणजे सेटटॉप बॉक्सवर नीट दिसलं म्हणून डीव्हीडीवर नीट दिसेलच असं नाही. आणि गिऱ्हाइकाच्या बैठकीच्या खोलीत जाऊन आपण सेटिंग बदलत बसणार नसतो. त्यामुळे काळजी एडिटिंगच्या टेबलावरच घ्यायची.

जुना हिशोब असा होता की महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या ९० टक्क्यांत आणि अक्षरं ८० टक्क्यांत ठेवायची. पडदे रुंद झाल्यावर सिनेमा-टीव्हीची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या एसएमपीटीई या संस्थेनं २००९ मध्ये हे प्रमाण ९३ आणि ९० टक्के केलं. १९२० बाय १०८० च्या फ्रेममध्ये सांगायचं तर अक्षरांसाठी डावी-उजवीकडे ९६ पिक्सेल आणि वर-खाली ५४ पिक्सेल मोकळे सोडा. चेहरे, हार घालणारे हात वगैरेंसाठी ६७ आणि ३८ पुरतात. प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेफ मार्जिन, म्हणजे ही हद्द दाखवणाऱ्या रेघा, चालू केल्या की आपोआप जुन्या ९०-८० च्याच येतात. सेटिंगमध्ये दोन्ही कडांना मिळून सोडायचे टक्के असतात, तिथे १० च्या जागी ७ आणि २० च्या जागी १० टाका, नाहीतर अक्षरं उगाच मध्ये कोंबली जातात.

आता आपल्या लिपीचा घोळ. या रेघा वापरताना बहुतेक जण अक्षराचं अंग बघतात, मात्रा बघत नाहीत. ‘मौंजीबंधन’ लिहिलंत तर शिरोरेघेच्या वर दोन मात्रा आणि अनुस्वार उभे असतात. ‘कुटुंबीय’मध्ये उकार खाली लोंबतात. वर शीर्षक असेल तर सगळ्यात उंच मात्रा रेघेच्या आत हवी, खाली नावाची पट्टी असेल तर उकाराचं टोक आत हवं. अक्षरामागे रंगीत पट्टी टाकत असाल तर तिची उंचीही मात्रांसकट धरा. प्रीमिअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडा.

तपासणीसाठी जुन्या बाजारातून पिक्चर ट्यूबचा सेट आणा, असं सांगणारे भेटतील. कशाला? एक साधं चित्र बनवा: कडेपासून २, ३.५ आणि ५ टक्क्यांवर तीन रंगांच्या चौकटी. ते दहा सेकंदांच्या क्लिपमध्ये पेनड्राइव्हवर ठेवा आणि घरच्या, शेजारच्या, मामाच्या टीव्हीवर लावून बघा. कोणता रंग गायब झाला त्यावरून तो सेट किती खातो ते लगेच कळतं.

व्हीएचएस कॅसेटचं दुखणं उलटं. कॅप्चर केल्यावर, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्यावर, तळाशी थरथरणारी, वाकडी पट्टी दिसते आणि नवखा माणूस कॅसेट खराब झाली म्हणून घाबरतो. व्हीसीआरच्या ड्रमवरची दोन हेड आळीपाळीनं चित्र वाचतात, त्या अदलाबदलीची ती खूण आहे. ५७६ ओळींपैकी तळाच्या साधारण दहा-बारा ओळी त्यात जातात. जुन्या टीव्हीवर ओव्हरस्कॅनमुळे ती कधी दिसलीच नव्हती. डावी-उजवीकडच्या बारीक काळ्या पट्ट्याही तशाच. ७२० पिक्सेलपैकी खरं चित्र सुमारे ७०२ मध्येच असतं.

इथे माझं मत ठाम आहे: झूम करून ही घाण बाहेर ढकलू नका. झूम चारही बाजूंनी खातं, आणि घरगुती चित्रीकरणात कडेलाच माणसं असतात. मंडपाच्या खांबाला टेकलेली आत्या, ताट घेऊन अर्धीच फ्रेममध्ये आलेली आजी. गिऱ्हाइकाला नेमकी तीच हवी असते. तळाच्या ओळींवर काळी पट्टी टाका, बाकी चित्राला हात लावू नका. आकार बदलायचाच असेल तर आधी डीइंटरलेस करा, म्हणजे एकाआड एक ओळींत साठवलेल्या चित्राच्या अखंड फ्रेम करून घ्या, नाहीतर हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याचे दाते फुटतात. मूळ कॅप्चरची फाइल तर न कापता वेगळी जपायचीच.

मोबाइलच्या उभ्या व्हिडिओत टीव्हीचे हे आकडे चालत नाहीत. स्टेटसला वर नाव, खाली उत्तराची पट्टी येते. रीलमध्ये उजवीकडे बटणं. अक्षरं मधल्या भागात घ्या आणि एकदा स्वतःच्या फोनवर टाकून बघा.

सगळ्यात जास्त वाद मात्र होतो तो ‘बाजूचे काळे पट्टे काढा’ यावरून. जुनं चित्र चारास तीन, टीव्ही सोळास नऊ. उंची १०८० धरली तर दोन्हीकडे २४० पिक्सेल रिकामे राहणारच. पडदा भरायला चित्र मोठं केलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो. ताणलं तर नवरदेव जाडा दिसतो, आणि ते वधूपक्षालाही आवडत नाही. मी गिऱ्हाइकाला एकाच शॉटचे दोन नमुने पाठवतो, पट्ट्यांसकट आणि भरलेला. भरलेल्यात आजोबांचा फेटा कापला गेलेला असतो. त्यावरही ज्यांना पट्टे नकोच असतात, त्यांना मागे तेच चित्र धूसर करून लावून देतो. त्याचे जादा पैसे घेत नाही, पण रेंडरला, म्हणजे शेवटची फाइल तयार व्हायला, जास्त वेळ लागेल हे आधीच सांगून ठेवतो.