नाताळच्या भेटीसाठी मातीची घुंगुरं : तयारीची यादी

यादीत पहिलं नाव मातीचं नको, भट्टीचं लिहा. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला असतो, माती मात्र तिच्या कलाने वाळते. म्हणून दिवस शेवटून मोजत मागे यायचं. वाटायची घुंगुरं २० तारखेला हातात हवीत. त्याआधी दोन भाजण्या. प्रत्येक भाजणीला भट्टी भरण्यापासून ती निवून उघडेपर्यंत दोन-तीन दिवस धरा. मध्ये ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावायला दोन दिवस आणि या सगळ्याच्या आधी वाळवणीला किमान दहा-बारा दिवस. म्हणजे नोव्हेंबरचा तिसरा आठवडा लागला की हात मातीत हवेत. गावातल्या कुंभाराकडे भाजून घेणार असाल तर दिवाळीपर्यंत त्यांची भट्टी पणत्यांनी भरलेली असते, तेव्हा त्यांना गळ घालू नका. दिवाळी सरली की जाऊन ‘काका, पुढच्या भट्टीत एका पाटीपुरती जागा ठेवाल काय?’ असं विचारून यावं, आणि त्यांनी सांगितलेली तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिथल्या तिथे लिहावी.

मग कोणाकोणाला द्यायची त्यांची नावं. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून नेवऱ्या, दोदोल, कुलकुलांचं ताट येतं. ते ताट रिकामं परत करत नाहीत, त्यात घुंगरू ठेवून पाठवलं की शोभतं. शिवाय मुंबईच्या चाकरमान्यांची घरं, शाळेतल्या बाई, नात्यातली लहान मुलं. नावं आधी लिहायची ती अशासाठी की आकार त्यावरच ठरतो. किनाऱ्यावर नाताळचं झाड म्हणजे पुष्कळदा सुरूची फांदी. ती बारीक आणि लवचिक असते, जड घुंगराने लगेच वाकते. ओल्या मातीत ५ सेंटीमीटर व्यासाचं, ५ मिलिमीटर जाडीचं घुंगरू केलं तर साधारण ६० ते ६५ ग्रॅम माती लागते, कडी आणि आतली गोळी धरून ७५. भाजून निघाल्यावर ते ५५ ग्रॅमच्या आसपास उतरतं आणि फांदीला पेलतं. दारावर किंवा खिडकीत टांगायचं असेल तर खुशाल मोठं करा. पंधरा भेटी द्यायच्या असतील तर वीस घुंगुरं करावीत, आणि वीस घुंगरांसाठी अडीच किलो माती आणावी. त्यात तडकलेली, फसलेली आणि चाचणीची अशी सगळी माती धरली आहे.

माती कोणती हे भट्टी ठरवते. लाकूड, शेणी, नारळाची सोडणं यांवर पेटणारी गावची भट्टी साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. त्यात लाल माती छान भाजते, पण तिच्या अंगात बारीक छिद्रं राहतात आणि आवाज ती छिद्रं पिऊन टाकतात. असं घुंगरू खुळखुळतं, किणकिणत नाही. विजेच्या भट्टीत १२२० अंशांच्या पुढे भाजलेली स्टोनवेअर माती जवळजवळ काचेसारखी घट्ट होते आणि तिचा आवाज लांबवर जातो. दोन्ही आवाज आपापल्या जागी गोड आहेत. तान्ह्या बाळाच्या घरी मला लाल मातीचाच मऊ आवाज द्यायला आवडतो. पण घुंगराची भेट म्हणजे आवाजाची भेट, हे यादी करताना विसरू नये. जी जी वस्तू आणाल ती या आवाजाचं काय करते एवढं विचारून आणा. एक कटाक्षाने पाळा, एका मातीचं घुंगरू दुसऱ्या मातीच्या भट्टीत घालू नका. लाल माती १२०० अंशांवर फुगते किंवा वितळून बसते, आणि स्टोनवेअर ९०० वर कच्चीच राहते.

आता घरच्या मातीबद्दल, कारण हा मोह प्रत्येकाला होतो. परसातली जांभ्याची तांबडी माती लोखंडाने भरलेली असली तरी तिला चिकटपणा नाही. ती वळत नाही, भेगाळते. बारीक कापडातून गाळलेली तिची भुकटी मातीच्या पातळ घोळात मिसळून रंगासाठी मात्र जरूर वापरा. कमी आंचेवर तांबडा आणि जास्त आंचेवर गडद तपकिरी रंग येतो. मळ्यातली किंवा खाडीकाठची चिकण माती वळायला सुरेख, पण खाडीची असेल तर तिच्यात मीठ असतं. वाळताना ते पाण्याबरोबर बाहेर येतं आणि भाजल्यावर घुंगरावर पांढुरकी बुरशी धरल्यासारखं दिसतं. तेव्हा ती माती बादलीत गोड्या पाण्यात भिजवून ढवळायची, खाली बसू द्यायची, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि पुन्हा नवं घालायचं. पाण्याची चव खारट लागेनाशी होईपर्यंत हे करत राहायचं.

मिठापेक्षा वाईट शिंपल्याची कच. किनाऱ्याच्या मातीत आणि वाळूत ती असतेच. पूर्वी आपल्याकडे चुना शिंपले भाजूनच करत. घुंगराच्या भिंतीत अडकलेल्या कणाचंही ८५० अंशांच्या आसपास नेमकं तेच होतं. भट्टीतून घुंगरू धडधाकट निघतं, तुम्ही हौसेने बांधून देता, आणि मग आत लपलेला चुन्याचा कण आपल्या दमट हवेतलं पाणी ओढून फुगतो. चार दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, वरचा कपचा उडतो आणि खाली पांढरा ठिपका दिसतो. देऊन झालेली भेट अशी फुटावी याचं फार वाईट वाटतं, म्हणून ही परीक्षा चुकवू नका. वाळलेल्या मातीचा खडा कुटून व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे आले तर चुनखडीचा अंश आहे. बारीक चाळणीतून माती गाळून घ्या, तिची एक टिकली भाजून पाण्यात उकळा आणि आठवडाभर उघड्यावर ठेवून पाहा. एवढं करायला वेळ नसेल तर सरळ तयार माती विकत घ्या. त्यात काही कमीपणा नाही. समुद्राची वाळू मात्र कुठल्याच मातीत मिसळू नका. शिंपल्यांचं नक्षीकाम करायची हौस खुशाल पुरवा: तिसऱ्याची शिंपली उलटी धरून ओल्या मातीवर दाबली की सुबक रेघा उठतात. शिंपला आधी स्वच्छ धुवून घ्या, दाबून लगेच उचला आणि तुटका तुकडा मागे राहिला नाही ना हे बोट फिरवून तपासा.

यानंतर आतल्या गोळ्या. त्या घुंगरांच्या आधी दोन-तीन दिवस करून पूर्ण वाळवायच्या. घुंगराचीच माती घ्या, १२ मिलिमीटरच्या गोळ्या करा, वीस घुंगरांना पंचवीस. गोळी कोरडी असावी यामागे हिशेब आहे. ओलं घुंगरू वाळताना आकसतं तशी त्याची फटही आकसते. गोळी मात्र आधीच आकसून बसलेली, त्यामुळे ती फटीतून निसटत नाही. स्टोनवेअर माती ओल्यापासून पक्की भाजेपर्यंत साधारण १० ते १३ टक्के लहान होते, म्हणजे आज हातात ५ सेंटीमीटरचं दिसणारं घुंगरू देताना ४.४ च्या आसपास असणार. गोळी वर्तमानपत्राच्या तुकड्यात सैल गुंडाळायची म्हणजे ती आतल्या ओल्या भिंतीला चिकटत नाही. कागद भट्टीत जळून जातो. तोवर घुंगरू हलवलं तरी आवाज येणार नाही, तेव्हा घाबरून ते उघडू नका. स्टोनवेअरच्या गोळ्यांना ॲल्युमिनाची (भट्टीत न वितळणारी पांढरी) भुकटी चोळून घेतली तर दुसऱ्या भाजणीतही त्या सुट्या राहतात.

हत्यारं बहुतेक घरातच मिळतील. माती कापायला हात-दीड हात तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), दोन टोकांना काड्या बांधून. कडा खरवडायला जुना काटा, घोळ लावायला जुना टूथब्रश, गोलाई आणायला लाकडी उलथनं. फट कापायला पातळ पातं, भोकासाठी ६ मिलिमीटरची पोकळ नळी. ओला स्पंज, जुन्या सुती साडीचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि प्लायवूडच्या दोन फळ्या, कारण गुळगुळीत लादीवर माती चिकटून बसते. यादीत चांगला मास्क लिहायला विसरू नका. सुक्या मातीची धूळ फुप्फुसाला वाईट, त्यातली सिलिका शरीरातून निघत नाही. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, आणि सुकं घुंगरू घासायची वेळ आली तर ओल्या स्पंजनेच घासायचं.

करायच्या दिवशी माती भरपूर मळून आतली हवा काढा. दोन सारख्या गोळ्यांच्या अंगठ्याने दाबून दोन वाट्या करा आणि त्या आकार धरेपर्यंत तासभर राहू द्या. कडा खरवडा, घोळ लावा, कागदातली गोळी आत ठेवा, वाट्या जोडा आणि सांध्यावर मातीची बारीक वळी बसवून ती दोन्ही बाजूंनी पुसून घ्या. आत कोंडलेली हवा भिंतीला आधार देते, म्हणून उलथन्याने हलक्या हाताने ठोकत गोलाई याच वेळी आणावी. फट आधी कापली की गोळा बसतो. माती चामड्याइतकी घट्ट झाली, बोटाचा ठसा उठेनासा झाला, की दोन टोकांना दोन भोकं पाडून ४ मिलिमीटर रुंद फट त्यांच्यामध्ये कापायची. वरची कडी याच वेळी लावायची. कडीत तार घालायची असेल तर निक्रोमचीच (निकेल-क्रोमियमची, आंच सोसणारी) घ्या. तांबं १०८५ अंशांना वितळतं आणि साधी लोखंडी तार जळून ठिसूळ होते. तारेची भानगड नको असेल तर मातीची जाड कडी करून तिला भोक पाडा. मला तीच जास्त आवडते, तिच्यात काथ्या ओवता येतो.

वाळवण्याची जागा आधी ठरवा. दुपारी समुद्राकडून खारं, दमट वारं येतं आणि पहाटे डोंगराकडून मतलई सुटते, ती डिसेंबरात चांगलीच कोरडी असते. ओसरीवर उघडी ठेवलेली घुंगुरं त्या वाऱ्याने एका अंगाने आधी वाळतात आणि सांध्यावर उकलतात. म्हणून पहिले चार दिवस पिशवीखाली, रोज पिशवीची आतली ओल पुसून आणि घुंगरू पालथं करून. नंतर सुती कापडाखाली, आणि शेवटी आतल्या खोलीत उघडी. ऊन अजिबात नको. गालाला लावल्यावर घुंगरू गार लागलं तर आत पाणी आहे असं समजा आणि थांबा. भट्टीत फुटतात ती कोंडलेल्या हवेमुळे नाही, राहिलेल्या पाण्याच्या वाफेमुळे.

कच्ची घुंगुरं भट्टीवाल्याकडे न्यायची तर डब्यात भाताचं तूस भरून त्यात पुरून न्या. सावंतवाडी-गोव्याच्या रस्त्यावर हादरे बसतातच. पहिल्या भाजणीला आंच पहिले काही तास अगदी मंद हवी, १०० अंश ओलांडायची घाई नको. ५७३ अंशांवर मातीतल्या क्वार्ट्झचं, म्हणजे गारेच्या कणांचं, आकारमान एकाएकी बदलतं, तेव्हा चढताना आणि उतरताना तिथे सावकाश जायला सांगा. विजेच्या भट्टीत पहिली भाजणी १००० च्या आसपास. भट्टी हाताला सोसेल इतकी निवल्याशिवाय उघडायची नाही, घरात पाहुणे आले तरी. गावच्या भट्टीत जळण म्हणून काजूच्या टरफलांचा वापर टाळा, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला बाधतो.

ग्लेझ लावायचं तर शिसं नसलेलंच मागून घ्या, मुलं वस्तू तोंडात घालतात. घुंगरू ग्लेझमध्ये बुडवू नका. आत गेलेलं ग्लेझ गोळीला भिंतीशी कायमची चिकटवतं आणि सगळी मेहनत मुकी होते. फटीत ओला स्पंज खोचून ब्रशने तीन हात द्या. फटीच्या कडा आणि तळाचा रुपयाएवढा भाग पुसून कोरा ठेवा, नाहीतर भट्टीच्या फळीला चिकटेल. लाल मातीला मी ग्लेझ लावायला सांगणार नाही. चामड्याइतकी घट्ट असताना नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासली की तिला स्वतःची चमक येते.

भाजून आली की बांधायच्या आधी प्रत्येक घुंगरू ऐका. माठ घेताना बोटाने वाजवून बघतो तसं टिचकी मारून बघा. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, ते बाजूला काढा. गोळी अडकली असेल तर हातावर हलकेच आपटा, बहुधा सुटते. कागदाची राख फटीतून झटकून टाका. मग काथ्या ओवा, गाठ दुहेरी मारा, आणि काथ्याला धरून घुंगरू एकदा जोराने हलवून गाठीची खात्री करा. मुंबईला पाठवायची असतील तर प्रत्येक घुंगरू वेगळं, फटीत कागदाची घडी घालून, भोवती कोरडा पेंढा, डब्यात हलायला जागा नाही अशा बेताने. त्या घडीबद्दल चिठ्ठीत जरूर लिहा: ‘आतला कागद काढून मग टांगावं.’ तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल असं टांगू नये, हेही त्याच चिठ्ठीत.