मागीलदारच्या टाकीला पातळीमापक, खाऱ्या वाऱ्यात टिकेल असा

टाकीतलं पाणी मोबाइलवर दिसावं म्हणून नोडएमसीयूला, म्हणजे वायफाय असलेल्या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाला, सेन्सर जोडणं हे एका दुपारचं काम. वेंगुर्ल्यात किंवा देवगडात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तेच यंत्र दुसऱ्या पावसाळ्यानंतरही चालू ठेवणं वेगळं. त्यामुळे इथे कोडपेक्षा पेटीवरच जास्त लिहिलं आहे.

सेन्सर जेएसएन-एसआर०४टी घ्या, झाकणावरून पाण्यापर्यंतचं अंतर प्रतिध्वनीवरून मोजणारा, पाणी न शिरणारा. त्याचाच उघड्या डोळ्यांचा भाऊ एचसी-एसआर०४ टाकीतल्या वाफेने गंजतो. जेएसएनला साधारण २५ सेंमीच्या आतलं अंतर कळत नाही, म्हणून ओव्हरफ्लोच्या पाइपापासून झाकणापर्यंतचं अंतर आधी मोजा. ते कमी असेल तर टाकी भरत आली की आकडे वेडेवाकडे येतात. सेन्सर भिंतीपासून जमेल तितका लांब बसवा. पाणी पडतं त्या नळाखाली तर मुळीच नको.

जोडणी: सेन्सरची ट्रिगर (ध्वनी सोडायला सांगणारी) पिन बोर्डाच्या डी५ ला, एको (प्रतिध्वनीची वेळ कळवणारी) डी६ ला. डी३, डी४, डी८ टाळा, बोर्ड सुरू होताना त्या पिनांवर काय आहे ते चिप तपासते. एको ५ व्होल्टचा येतो आणि बोर्ड ३.३ चा, म्हणून एको आणि डी६ यांच्यामध्ये १ किलोओहम, आणि डी६ पासून ग्राउंडला १ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक. याशिवायही काही दिवस चालतं, आणि लोक तिथेच फसतात.

वीज घरातल्या ५ व्होल्टच्या चार्जरमधून न्या. वायर ०.५ चौरस मिमीची घ्या. १५ मीटर अंतरात ती जाऊन-येऊन साधारण १.१ ओहम होते आणि वायफाय जोडताना लागणाऱ्या ३०० मिलिअँपिअरला तीनेक दशांश व्होल्ट खाते, ते चालतं. टेलिफोनची बारीक वायर वापरलीत तर बोर्डावर ४.२ व्होल्टच्या आसपास उरतात आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो. लोक कोडमध्ये दोष शोधत बसतात. बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावाच.

कोडमध्ये ट्रिगर २० मायक्रोसेकंद, ६० मिलिसेकंदांच्या अंतराने ९ वाचनं, आणि ती लहान-मोठ्या क्रमाने लावून मधलं धरा. सरासरी नको, एक खोटा प्रतिध्वनी सगळी सरासरी बिघडवतो. सेंमीतलं अंतर म्हणजे एकोचे मायक्रोसेकंद गुणिले ०.०३४३ भागिले २. हा आकडा २० अंश सेल्सिअसचा आहे. मे महिन्यात काळ्या टाकीत हवा ४५ अंशांवर गेली तर ध्वनी साधारण चार टक्क्यांनी वेगाने धावतो, आणि मीटरभर रिकाम्या टाकीत पाणी चार सेंमी जास्त दिसतं. एवढं चालणार नसेल तर डीएस१८बी२० तापमान सेन्सर जोडा.

आता पेटी. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी चाचणीपुरत्या, त्यांची टोकं एका पावसाळ्यात हिरवी पडतात. सगळं झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या सर्किट बोर्डावर) डाखा, डाखताना उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग कन्फॉर्मल कोटिंगचे, म्हणजे सर्किटला ओलीपासून वाचवणाऱ्या लेपाचे, दोन हात मारा. त्याआधी कनेक्टर आणि बोर्डाचा अँटेना टेपने झाका. पेटी आयपी६५, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून जपणारी, घ्या. वायरी खालूनच आत आणा, आणि आत शिरण्याआधी वायर थोडी लोंबती ठेवा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाईल.

सिलिकॉन सीलंट विकत घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो परत ठेवा, त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलाच घ्या.

पेटी पूर्ण हवाबंद करण्याच्या नादाला लागू नका. दिवसा तापते, रात्री निवते, आणि निवताना ग्लँडच्या (वायर आत येते त्या बुचाच्या) फटीतून ओली हवा आत ओढते. आत आलेलं बाहेर जात नाही. तळाला ३ मिमीचं एक भोक पाडा आणि त्यावर बारीक स्टीलची जाळी चिकटवा. जाळी नसली तर आठवड्याभरात मुंग्या अंडी घेऊन दाखल होतात.

चिऱ्याची जाड भिंत वायफाय अडवते, म्हणून राउटर टाकीच्या बाजूच्या खिडकीत ठेवा.

पंप आपोआप चालू-बंद करायचा मोह होईल. १ एचपी पंप सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट खेचतो, आणि दहा अँपिअरच्या निळ्या रिलेचे (बोर्डाने चालवायच्या छोट्या स्विचचे) काँटॅक्ट चिकटून बसतात. मग पंप बंदच होत नाही. रिलेने फक्त काँटॅक्टरची (मोटारीसाठीच्या दणकट विद्युत स्विचची) कॉइल चालवा, आणि २३० व्होल्टची बाजू वायरमनकडून करून घ्या.

मेअखेरीचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, दोन्हींत गडगडाट असतो. आभाळ काळवंडलं की चार्जर भिंतीतून काढा, लांब वायर वीज आत आणते.