अंदाजांची वही घेऊन लोणावळा ते दौंड

युरोप फिरून आलेल्या माणसाचीही मतं कधीकधी जशी गेली तशीच परत येतात. आधी काय वाटत होतं ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नसतं, मग चुकलं काय हे कळणार कसं? गावांबद्दलच्या आपल्या मतांवर ही चूक पकडायचा सराव पुण्यातून लोकलच्या तिकिटात करता येतो.

लोणावळा ते दौंड हा रेल्वेचा पट्टा जेमतेम १४० किलोमीटरचा. सह्याद्रीवर चढताना ढग बहुतेक रिकामे होतात, त्यामुळे लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस, शिवाजीनगरला ७०० च्या आसपास आणि दौंडकडे ५०० च्या आत-बाहेर. पाऊस बदलला की पीक, घर, भाकरी आणि भांडणाचा विषय, सगळंच बदलतं. या पट्ट्याच्या दोन टोकांना दोन फेऱ्या करायच्या, शक्यतो जुलैत आणि आठवड्याच्या अंतराने. रविवार टाळा, बँक, विकास सोसायटी, शाळा बंद असलेलं गाव अर्धंच दिसतं.

आदल्या रात्री साध्या चाळीस पानी वहीत डाव्या पानावर दहा अंदाज लिहा. उजवं पान कोरं, तिथे प्रत्यक्षात दिसेल-ऐकाल ते. पेन्सिल वापरा, पावसात शाई पसरते. अंदाज असा हवा की तो खोटा ठरू शकेल. ‘गावची माणसं साधी असतात’ हा अंदाज नव्हे. तो कधी चुकतच नाही, म्हणून काही शिकवतही नाही. ‘यवतच्या शेतात आत्ता काय उभं असेल’, ‘खुरपणीची मजुरी किती’, ‘प्यायचं पाणी कुठून येतं’ असे प्रश्न घ्या आणि उत्तर ठामपणे लिहून मोकळे व्हा.

पहिली फेरी पश्चिमेला. लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. दुपारच्या लोकल विरळ असतात, परतीची गाडी आधीच बघून ठेवा. भाताची खाचरं, उतरती कौलं आणि पावसाच्या बाजूच्या भिंतीवर ताणलेला प्लास्टिकचा कागद बघा. पुण्यात घराघरांत शिजणारं इंद्रायणी हे वाण इथल्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातलं. मग कार्ल्याच्या लेण्यांना चढा. चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवनही आहेत, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परके. दोन हजार वर्षांपूर्वी परकी म्हणून ओळखली जाणारी माणसं या डोंगरात खांबाला पैसे देत होती. ‘खेडं म्हणजे जगापासून तुटलेलं’ असं डाव्या पानावर असेल तर इथे काट मारा. दाराशीच एकवीरेचं देऊळ आहे. रांगेत कोकणपट्टीतले आगरी-कोळी असतात. कुठून आलात, एवढं विचारलंत तरी पान भरतं.

दुसरी फेरी पूर्वेला, दौंडच्या पॅसेंजरने, आणि खरा ऐवज इथे आहे. यवत किंवा पाटसला उतरून कालवा कुठे ते विचारा. हा मुठेचा नवा उजवा कालवा, खडकवासल्याहून निघून पर्वतीच्या पायथ्याने आणि हडपसरवरून इथवर आलेला. पुण्यात नळाला येणारं पाणी आणि इथला ऊस एकाच साखळीतल्या धरणांवर जगतात. दर उन्हाळ्यात पेपरात ‘पुण्याची पाणीकपात’ अशी बातमी येते, तीच इथे ‘आवर्तन लांबलं’, म्हणजे कालव्याला पाणी सुटायची पाळी पुढे गेली, अशी वाचली जाते.

चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे निघालेल्या पाटाच्या, कडेने चाला. वरच्या अंगाला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, ऊस दिसेल. खाली सरकत गेलात की बाजरी, मग नुसती नांगरट. माती तीच, मालकही कदाचित एकाच भावकीतले. फरक पाणी पोचण्याचा. शेवटच्या रानातला माणूस ‘टेलला (चारीच्या शेवटाला) पाणी येत नाय’ म्हणेल. त्याचा राग पुण्यावर असेल असं आपण धरून चालतो, पण आधी तो बहुधा वर पंप लावून बसलेल्या शेजाऱ्यावर निघतो. उभी भांडणं शहर आणि गाव अशी सरळ नसतात, हे चारीवर अर्धा तास उभं राहिल्यावर दिसतं.

बोलायचं कसं? राम राम घाला. मामा, मावशी, आजी म्हणा, आणि ‘तुम्ही’ म्हणा, समोरचा वयाने लहान असला तरी. सुरुवात ‘यंदा पाऊस कसाय?’ने. ‘किती मिळतात?’ हा पहिला प्रश्न नको, त्याने माणूस मिटतो. ‘आमच्या पुण्यात’ हे दोन शब्द दिवसभर बंद ठेवा. अवघड आहे, पण जमतं.

बहुतेकांचं घोडं अडतं ते एकाच माणसावर. पारावर भेटलेला बोलका मामा अख्ख्या तालुक्याचं मत सांगतो आणि आपण ‘शेतकऱ्यांचं म्हणणं’ म्हणून ते शहरात आणतो. किमान तिघांशी बोला: एक जमीनवाला, एक मजूर, आणि घरात पाणी भरणारी एक बाई. तिघांची उत्तरं जुळली तर संशय घ्या. बहुधा तिघं एकाच घरातले असतात.

आणखी दोन गोष्टी बिघडवतात. स्वतःची गाडी, कारण मग वाट विचारावी लागत नाही. आणि डब्यातला पराठा, कारण मग खानावळीत बसणं होत नाही. दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा. सोबत एकच जण. आठ जणांचा गट आपलीच सोसायटी बरोबर घेऊन फिरतो.

घरी आल्यावर लगेच निष्कर्ष लिहू नका. तिसऱ्या दिवशी वही उघडा, चुकलेल्या अंदाजावर एकच रेघ मारा, खोडरबर नको. खालचं वाचता आलं पाहिजे. दहापैकी सात-आठ बरोबर आले तर अंदाज फार बेताचे होते, पुढच्या वेळी धीट लिहा.

एप्रिलमध्ये, आवर्तन सुरू असताना, पूर्वेची फेरी पुन्हा करा. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की तारखा पेपरात येतात. जास्त दिवस असतील तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. आणि जुलैत कुणाला ‘फोटो पाठवतो’ म्हणाला असाल तर आठ दिवसांत पाठवा. त्याच चारीवर परत जायचंय.