जॉबवर्कला गेलेला माल किती बाकी? कोड न लिहिता ॲप असं बनवा

रबाळे एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे. ब्रॅकेट पावडर कोटिंगला बाहेर जातात आणि तीन-चार खेपांत परत येतात. दिवसभर एकच फोन: "मॅडम, त्या पाचशेतले किती राहिले?" स्टोअरवाल्या काकांनी लांब वही चाळेपर्यंत समोरचा वैतागलेला. शेवटी मीच ॲपशीटवर, म्हणजे कोड न लिहिता शीटमधल्या नोंदींवरून ॲप बनवून देणाऱ्या साधनावर, ॲप बनवलं, प्रोग्रामिंगचा गंधही नसताना. हे ॲपशीट गूगलने २०२० साली विकत घेतलं.

आधी पाठकोरा कागद

कागदावर तीन चौकोन काढा: पार्टी (माल ज्यांच्याकडे जातो ते), चलन (मालासोबत जाणारा कागद), आवक (परत आलेला माल). मी हे केलं नाही आणि फसले. एकाच शीटमध्ये 'गेले' आणि 'आले' असे दोन रकाने केले. ३२० नग आले, लिहिले. मग आणखी १५० आले. काकांनी ३२० खोडून ४७० केले आणि कुठल्या तारखेला किती आले, याचा मागमूसच उरला नाही. एका चलनावर आवक अनेकदा होते, म्हणून तिचं शीट वेगळंच हवं.

दुसरी खोच ओळ नेमकी ओळखण्याची. प्रत्येक ओळीला कधीही दुसऱ्यांदा न येणारी 'की' लागते. चलन नंबर त्या कामाचा नाही, कारण आमच्याकडे तो दर एप्रिलला १ पासून सुरू होतो. आयडीचा रकाना वेगळा ठेवा आणि ॲप तयार झालं की त्याच्या 'इनिशियल व्हॅल्यू'मध्ये (नव्या ओळीत आपोआप भरलं जाणारं मूल्य) 'युनिकआयडी' हे फंक्शन लावा. आठ अक्षरांची ओळख आपोआप पडते.

आता ॲप

एकाच गूगल शीटमध्ये तीन टॅब करा, पहिल्या ओळीत रकान्यांची नावं लिहा आणि खाली दोन-तीन खऱ्या नोंदी भरा. त्यावरूनच ॲपशीट रकान्यांचे प्रकार ओळखतं. मग 'एक्स्टेन्शन्स' मेनूतून ॲपशीट निवडून ॲप तयार करा. राहिलेले टॅब डेटा विभागातून जोडा. ॲपमध्ये प्रत्येक टॅबला टेबल म्हणतात.

आवकेच्या टेबलात चलनाच्या रकान्याचा प्रकार 'रेफ' करा, म्हणजे ती आवक त्या चलनाच्या ओळीशी जोडली जाते. सगळी जादू इथेच आहे. चलन उघडलं की त्याखाली त्याच्याच आवकेची यादी दिसते. मग चलनाच्या टेबलात एक व्हर्च्युअल कॉलम (शीटमध्ये नसलेला, ॲपच हिशेब करून दाखवतं तो रकाना) घाला: गेलेले नग वजा त्या चलनावर आलेल्या नगांची बेरीज. हाच तो 'बाकी'चा आकडा.

आणखी एक रकाना घाला, मुदतीचा. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल, अर्धवट तयार मालसुद्धा, १ वर्षात परत आणावा लागतो किंवा तिथूनच विकावा लागतो. यंत्रसामग्रीला ३ वर्षं मिळतात. मुदत चुकली, तर माल पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरलं जातं आणि कर व्याजासह भरावा लागतो. वर्ष भरायला दोन महिने उरले की चलन लाल दिसेल, असा 'फॉरमॅट रूल' मी लावलाय.

कोणाला काय दिसावं

टेबलच्या सेटिंगमध्ये 'डिलीट'ची परवानगी काढून टाका. 'स्लाइस' (टेबलातले निवडक रकाने-ओळीच दाखवण्याची सोय) करून दर लपवलेत म्हणून निश्चिंत राहू नका. तो नुसता पडदा आहे. कोणती ओळ कोणाच्या फोनवर जावी, हे 'सिक्युरिटी फिल्टर' ठरवतो. आणि हो, मूळ शीट शेअर करू नका, नाहीतर ही सगळी कुलपं फुकट.

चाचणीला १० जणांपर्यंत पैसे पडत नाहीत. ॲप रोजच्या कामाला लावलं की माणशी, महिन्यागणिक आकार सुरू होतो, तो आधी हिशेबात धरा. झोहो क्रिएटर, मायक्रोसॉफ्टचं पॉवर ॲप्स, बबल हेही पर्याय आहेत. बबलवर बनवलेल्या ॲपचा कोड बाहेर नेता येत नाही. म्हणून मला शीटवालं बरं वाटलं: उद्या ॲप सोडलं तरी नोंदी आपल्याच शीटमध्ये राहतात.

पहिला महिना वही आणि ॲप दोन्ही चालू ठेवा. गोडाउनमध्ये रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज आल्यावर 'सिंक' होते; काकांना हे पटायलाच आठवडा गेला. आता फोन आला की ते चष्मा कपाळावर सरकवून सांगतात, "तीस बाकी, त्यात चार रिजेक्ट." रिजेक्टचा रकाना मी ठेवलाच नव्हता. ते चार अजून वहीतच आहेत. या रविवारी घालणार.