गोल्डन टी खेळायचंय? आधी हात धुऊन या

गोल्डन टी म्हणजे पडद्यावर गोल्फ खेळायची गेम झोनमधली मशीन. माझ्या गॅरेजमध्ये या मशीनच्या बाजूला एक डबा असतो. त्यात कापूस, स्पिरिट, एक जुना टूथब्रश आणि बँडेजच्या पट्ट्या. पहिल्या तीन वस्तू मशीनसाठी, चौथी माणसांसाठी. नवा पोट्टा आला की ट्रॅकबॉल, म्हणजे मशीनवरचा हातानं फिरवायचा गोळा, असा काही हाणतो की बोटांची सालं निघतात, आणि मग माझ्याकडे असा पाहतो जणू मीच त्याला मारलं. दर रविवारी तेच तेच सांगून माझा घसा बसतो. म्हणून एकदाचं लिहून काढून राहिलो.

मशीन माझ्याकडे कशी आली ते तीन वाक्यांत सांगतो. शहरातल्या एका गेम झोनमध्ये मी मशीन दुरुस्तीचं काम करायचो. झोन बंद पडला तेव्हा माझा दोन महिन्यांचा पगार थकला होता, आणि पैशांऐवजी ‘हे एक धूड घेऊन जा’ असं मला सांगण्यात आलं. तीन माणसं, एक छोटा हत्ती आणि बायकोचे टोमणे, एवढ्या खर्चात ती नागपुरात आमच्या नंदनवन भागात पोचली.

मशीन म्हणजे गोल्डन टी फोर, २००० सालची. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या इन्क्रेडिबल टेक्नॉलॉजीजनं बनवलेली. तिकडे हा खेळ बारमध्ये ठेवतात, बिअरचा ग्लास बाजूला ठेवून लोक खेळतात. आपल्याकडे झोनमध्ये आली तेव्हा पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, “भाऊ, याच्यात बंदूक कुठं आहे?” जॉयस्टिक नाही, बंदूक नाही, स्टिअरिंग नाही. मधोमध एक पांढरा गोळा आणि चार-दोन बटणं. लोक पाच मिनिटं पाहायचे आणि कार रेसिंगकडे निघून जायचे.

त्या गोळ्याच्या खाली काय आहे हे एकदा डोळ्यांसमोर आणा, मग निम्मा खेळ समजतो. तीन इंचांचा बॉल दोन रोलरांवर बसलेला असतो. एक रोलर पुढे-मागे मोजतो, दुसरा डावं-उजवं. प्रत्येक रोलरच्या टोकाला खाचा पाडलेली एक चकती, चकतीच्या एका बाजूला इन्फ्रारेडचा छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला सेन्सर. बॉल फिरला की चकती फिरते, उजेड तुटक तुटक होतो, आणि मशीन मोजते: किती खाचा गेल्या, किती वेळात, कोणत्या दिशेला. बस्स. तुमच्या दंडाची ताकद, फटक्याचा आवाज, तोंडातून निघालेला ‘हाऽऽ’ यातलं काहीच तिच्यापर्यंत जात नाही.

म्हणून पहिली गोष्ट हात धुण्याची. हसू नका. आमच्याकडे रविवारी सकाळी पोट्टे तर्री-पोहे हाणून सरळ मशीनवर येतात. तर्रीचं तेल बॉलवर, बॉलवरून रोलरवर, त्यावर नागपूरची धूळ. उन्हाळ्यात वरून कूलरची ओली हवा. या सगळ्यांचा मिळून रोलरवर एक काळा पट्टा बसतो, टायरच्या रबरासारखा. पट्टा एकाच रोलरवर बसला की बॉल तेवढ्या बाजूला अडखळतो, आणि तुम्ही सरळ ढकलूनही शॉट तिरका जातो. मग खेळणारा म्हणतो मशीन बेइमान आहे. ओळखायचं कसं? सुरुवातीला नाव टाकताना अक्षरं उड्या मारत असतील किंवा एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा सरकत असतील, तर खेळू नका, आधी साफ करा किंवा झोनवाल्याला सांगा. घरची मशीन असेल तर वीज बंद करून बॉल काढा, रोलरवरचा पट्टा नखानं नाही, स्पिरिटच्या कापसानं काढा. आणि मे महिन्यात खिशात रुमाल ठेवा. पंचेचाळीस डिग्रीत घामेजलेला तळहात बॉलवरून निसटतो, तो ऐन शेवटच्या पटलाच, म्हणजे खळगीत बॉल घालायच्या हलक्या फटक्यालाच.

आता फटका. बॉल आपल्याकडे ओढायचा, क्षणभर थांबायचं, मग पुढे ढकलायचा. ओढण्यानं क्लब, म्हणजे पडद्यावरची गोल्फची काठी, मागे जातो, ढकलण्यानं शॉट लागतो. बहुतेक लोक ओढताना घाई करतात आणि थांबतच नाहीत. तुम्ही बोटांनी सावकाश ओढा, तळव्याच्या मधल्या भागानं ढकला, आणि हात बॉलवरून निघाला की वर उचला. वर म्हणजे वर, पुढे नाही. पुढे गेला की डब्यातली चौथी वस्तू लागते. एका मर्यादेनंतर जास्त जोरानं अंतर वाढत नाही, फक्त दिशा बिघडते. हे मी शंभर पोट्ट्यांना सांगितलं असेल, पटलं दहांना.

सरळ जाणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे. माझा उपाय गावठी आहे: बॉलच्या मागे आणि पुढे पॅनलवर काळ्या इन्सुलेशन टेपची एक बारीक पट्टी चिकटवलेली आहे. बोट त्या रेषेवरून मागे, त्याच रेषेवरून पुढे. आठवडाभर असं खेळलं की मग पट्टी लागत नाही. त्यानंतरच वळवायच्या शॉटकडे जा. उजवीकडे तिरकं ढकललं की पडद्यावरचा बॉल हवेत उजवीकडे झुकतो, डावीकडे ढकललं की डावीकडे, आणि मागे ओढतानाचा तिरपेपणाही त्यात भर घालतो. कॅरममध्ये जसं ‘कट’ किती द्यायचा हे शब्दांत सांगता येत नाही, तसंच हे. एकच होल (म्हणजे पहिल्या शॉटपासून खळगीपर्यंतचा एक टप्पा), एकच क्लब, दहा शॉट मारून पाहा आणि लिहून ठेवा.

लिहून ठेवा म्हणजे खरंच वहीत. माझी वही दोनशे पानी आहे, किराण्याच्या हिशोबाची. पडद्यावर अंतर यार्डात येतं, आणि आपल्याला यार्ड कळत नाही. पण क्रिकेटची पिच कळते: ती २२ यार्डांची. म्हणजे ११० यार्ड म्हणजे पाच पिचा, २२० म्हणजे दहा. मी प्रत्येक क्लबसमोर पूर्ण शॉटचं अंतर लिहिलं, मग अर्ध्या शॉटचं. माझ्या हाताला ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, साधारण २८० जातो. तुमचा वेगळा जाईल, म्हणून माझे आकडे कॉपी करू नका.

खरी गोष्ट मला माझ्या भाचीनं शिकवली. ती नववीत आहे, सुट्टीत आमच्याकडे राहायला आलीय. दर खेळाला मागं राहिला त्यानं समोसे आणायचे, अशी पैज. तिनं मला लागोपाठ तीन रविवार समोसे आणायला लावले. चौथ्या रविवारी ती म्हणाली, “मामा, तू आधी पाहत काऊन नाहीस?” मी म्हटलं, काय पाहत नाही? तर ती शॉट मारायच्या आधी प्रत्येक वेळी वरून मैदान दाखवणारं बटण दाबायची. तेच बटण, जे मी पडदा सुंदर दिसतो म्हणून फक्त पाहुण्यांना दाखवायचो. ती होलपासून सुरू करून मागे यायची: होलचा झेंडा हिरवळीच्या (खळगीभोवतीच्या बारीक गवताच्या) कोणत्या बाजूला, त्या बाजूला पाणी की वाळू की मोकळं गवत, मग तिथवर पोचायला मागचा शॉट कुठून मारणं सोपं, आणि मग कुठं पहिला शॉट टाकायचा. मी झेंड्याकडे पाहायचो, ती चूक कुठं झाली तर चालेल तिकडे पाहायची.

मी मेकॅनिक माणूस, त्यामुळं मला आकडे दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. एक होल घ्या: पार ५ (म्हणजे पाच शॉटमध्ये संपवणं अपेक्षित), ५२० यार्ड, हिरवळीच्या पुढ्यात पाणी. पहिला शॉट २८०. उरले २४०, म्हणजे जवळपास अकरा पिचा, पाण्यावरून. आता दोन रस्ते. एक, धाडस: पाण्यावरून मारला आणि हिरवळीवर बसला तर दोन पटमध्ये ४, म्हणजे पारपेक्षा एक कमी, बर्डी. पाण्यात गेला तर एक दंडाचा शॉट, चौथा शॉट हिरवळीवर, दोन पट, एकूण ६. दुसरा रस्ता: १३० यार्डांचा छोटा शॉट पाण्याच्या अलीकडे, मग वेजनं (जवळच्या अंतराच्या क्लबनं) ११० चा पूर्ण शॉट, म्हणजे आपल्या पाच पिचा, मग दोन पट. एकूण ५, आणि वेज झेंड्याजवळ बसला तर एकाच पटमध्ये ४.

म्हणजे धाडसात दहापैकी पाच वेळा बॉल पाण्यापलीकडे गेला तर हिशोब सरासरी पाचवर येतो, सुरक्षित खेळण्याइतकाच. त्यात वेज कधीतरी चिकटतो हे धरलं तर सुरक्षित रस्ता थोडा पुढेच राहतो. म्हणून दहापैकी सहा-सात वेळा जाईल याची वहीत खात्री असेल तरच पाण्यावरून मारा. माझ्या वहीत त्या होलवर दहापैकी चार होते. आणि तरी मी दर वेळी पाण्यावरूनच मारायचो, कारण बाजूला पाहणारे पोट्टे ओरडायचे, “मार बे, मार!”

याला एक अपवाद. समोरचा खेळाडू आधीच दोन शॉटनं पुढे असेल आणि होल कमी उरले असतील, तर सरासरीला काही अर्थ नाही. तेव्हा मारा.

वाऱ्याबद्दल थोडं. पडद्यावर बाण आणि आकडा दिसतो. समोरचा वारा जेवढं अंतर कापतो, मागचा वारा तेवढं वाढवत नाही, म्हणून समोरून असेल तर हिशोब जास्त ठेवा. एक मोठा क्लब घेऊन खालून जाणारा शॉट मारा, कारण बॉल जितका वर, तितका वेळ वाऱ्याच्या हातात. बाजूचा वारा असेल तर सुरुवातीला वळवायच्या भानगडीत पडू नका, नुसती दिशा वाऱ्याकडे फिरवा. बॉल परत येतो. किती फिरवायची ते वही सांगेल. हिरवळ खाली असेल तर बॉल जास्त जातो, वर असेल तर कमी. त्याची सवय व्हायला वेळ लागतो आणि या बाबतीत मला अजून सल्ला देण्याचा अधिकार नाही.

बॅकस्पिनचं, म्हणजे बॉल पडल्यावर मागे ओढणारं, बटण दिसलं की नवीन माणूस ते प्रत्येक शॉटला दाबतो, लिफ्टच्या बटणासारखं. ते फक्त छोट्या लोखंडी क्लबनं, साफ गवतावरून, झेंडा पुढ्यात जवळ असताना. उंच गवतातून बॅकस्पिनचा भरवसा नाही, आणि झेंडा हिरवळीच्या मागच्या कडेला असेल तर बॉल मागे ओढून आपणच पट लांब करतो.

पट म्हणजे कॅरम. पावडर टाकलेल्या बोर्डावर स्ट्रायकर जसा हलक्या हातानं सोडतो, तसंच बोटांची टोकं वापरा, तळवा नको. होल खऱ्या गोल्फमध्ये १०८ मिलिमीटरचं, आपल्या हाताच्या पंजाच्या रुंदीएवढंच जवळजवळ. म्हणजे नेम थोडा चुकला तरी जाऊ शकतो, पण जोर कमी पडला तर कधीच जात नाही. हुकला तर होलपुढे दीड-दोन फूट थांबेल इतका जोर धरा. लांबच्या पटमध्ये आधी अंतराचा विचार, मग वळणाचा. मी उलटं करायचो आणि तीन पट घ्यायचो. उतारावर खाली जाणारा पट असेल तर बॉल हलवायचाच फक्त.

चौघं खेळत असाल तर दुसऱ्याचा शॉट बघा, मोबाईल बघू नका. तुमच्याआधी कोणी त्याच जागेवरून मारला तर वारा आणि उतार दोन्ही फुकटात कळतात. भाची नेहमी शेवटचा नंबर मागते. आता मला कळतं का ते.

या मैदानांवर एक राग मात्र आहे. ती खरी नाहीत, कुठल्याच शहरात नाहीत, आणि ज्यानं रचली त्याला माणसाचा स्वभाव फार चांगला कळलेला दिसतो. पार ४ असा असतो की पहिल्याच शॉटमध्ये हिरवळ गाठता येईलसं वाटतं, आणि नेमकी तिथं दरी असते. मोह दिसला की समजा खालती काहीतरी ठेवलेलं आहे. तिथं आधी वरून दाखवणारं बटण दाबा.

पावसाळ्यात मशीन आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालू ठेवा, ओल निघून जाते. पॅनलवर चहाचा ग्लास ठेवला तर मी सरळ घरी पाठवतो, मग तो कोणाचाही पोट्टा असो. भाची उद्या गोंदियाला परत जाते. तिच्यासाठी वहीत एक पान कोरं ठेवलंय, वर तिचं नाव आणि खाली चौदाव्या होलचा आकडा: तीनपैकी तीन वेळा पाण्याच्या अलीकडे, बर्डी दोन. माझा त्याच पानावर लिहायचा नाही, असं ठरलंय.